अत्तराच्या पदाचं गाळलेलं कडवं

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. यात मी कुणाचंही नाव घेणार नाही. बेंगळूरातली आम्ही जुनी मराठी माणसं म्हणजे मूठभर. त्यातली अर्धी एकमेकांची नातलग आणि उरलेली अर्धी एकमेकांवर रुसलेली. कुणाचं नाव लिहिलं की संध्याकाळच्या आत फोन येतो, "आमच्याबद्दल असं का लिहिलंस गं?" कशाला विकतचं दुखणं!

शिवाय नाव न घेण्याचं बाळकडू मला घरातच मिळालंय. आमचं घराणं इथलं कैक पिढ्यांचं. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले, असं वडील म्हणायचे. माझ्या आईनं शेवटपर्यंत वडिलांचं नाव तोंडातून काढलं नाही. दवाखान्यात "यजमानांचं नाव?" असं विचारलं की ती मला कोपरानं ढोसायची आणि मी सांगायचे. एकदा मी मुद्दाम गप्प राहिले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मागे रांग खोळंबलेली. शेवटी तिनं काय करावं? भिंतीवरच्या कॅलेंडरात वडिलांच्या नावाचा देव होता, त्याच्याकडे बोट दाखवलं. कंपाउंडर कानडी. त्याला वाटलं, बाई देवाची शपथ घेतेय. मी घरी येईपर्यंत हसत होते आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी लग्न केलं नाही. ठरवून नव्हे. आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आई, आणि मधल्या काळात मला बघायला येणारे कमी होत होत बंद झाले. चोपन्न वर्षांची आहे. बसवनगुडीत राहते, मुलांना गाणं शिकवते आणि ती बेसूर झाली की ओरडते. त्यांच्या आया म्हणतात, मॅडम फार कडक आहेत. असू दे.

मागच्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळानं संगीत नाटक करायचं ठरवलं. नाटक मंडळातल्याच एका मास्तरांनी फार पूर्वी लिहिलेलं. मला गाणं शिकवलं तेही त्यांनीच. गोष्ट साधी आहे. नदीकाठचं गाव, नदीला पूर, होडी बंद. अत्तर विकत फिरणारा एक तरुण नावाड्याच्या घरी अडकून पडतो. नावाड्याला मुलगी आहे. तिनं जन्मात मासळी आणि चिखल यांपलीकडे कसला वास घेतलेला नाही. दुसऱ्या अंकात ती त्याला म्हणते, माझ्या मनगटाला एक थेंब लाव ना. हे सारं ती गाण्यातून म्हणते. सगळं नाटक त्या एका पदावर उभं आहे.

दिग्दर्शक होता पुण्याहून आलेला, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं आधीच माहीत असायचं. नायिका म्हणून त्यानं एचएसआर लेआउट या नव्या, नोकरदारांच्या वस्तीतली एक मुलगी आणली. नागपूरची, नोकरीसाठी इथे आलेली. दिसायला गोड, अभिनय झकास, आणि गळा? राम राम! तिला 'सा' दिला की ती तो सोडून घरभर हिंडून यायची. मग असं ठरलं की रंगमंचावर तिनं ओठ हलवायचे आणि विंगेत बसून गायचं मी. ऑर्गनही मीच वाजवायचा. म्हणजे नावाड्याची मुलगी वीस वर्षांची आणि तिचा आवाज चोपन्न वर्षांचा. मी म्हटलं, चालेल. माझ्या तोंडापेक्षा माझा आवाज तरुण आहे.

अत्तराच्या पदाला तीन कडवी आहेत. पहिल्या दोन कडव्यांत ती थेंबभर अत्तर मागते, त्याचा वास कसा असेल ते विचारते. आणि तिसऱ्यात म्हणते:

अत्तर कसले, उडुनी जाते,
गंध नको मज, हात हवा.

हे कडवं आजवर एकदाही रंगमंचावर म्हटलं गेलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाच्या वेळी मी कोरसमध्ये होते, मला आठवतंय. मंडळातल्या बायकांनी सांगितलं, आमच्या मुली समोर बसणार, हे असलं नको. मास्तरांनी निमूटपणे कडवं गाळलं. पण मला शिकवताना तिन्ही शिकवली, आणि म्हणाले, ठेव पाठ, उपयोगाला येईल. आता इतक्या वर्षांनी दिग्दर्शकानं तेच कडवं पुन्हा गाळलं. त्याचं कारण वेगळं होतं.

"ती प्युअर इनोसन्स आहे," तो म्हणाला. "तिला काही कळतच नाही. तिसऱ्या कडव्यात ती एकदम बोल्ड होते. कॅरेक्टर ब्रेक होतं."

"तिला कळत नसेल तर ती मनगट कशाला पुढे करते?" मी विचारलं.

"ते सबकॉन्शस आहे."

सबकॉन्शस म्हणे, कपाळ! पण घरी येऊन मी त्यावर बराच विचार केला. निरागस म्हणजे जिला काही नको ती, हे कुणी ठरवलं? रांगतं पोर लाडवाच्या डब्याकडे हात करतं. ते निरागसच असतं आणि त्याला लाडूही हवाच असतो. नुसता हवा नसतो, आत्ता हवा असतो. फक्त हवंसं वाटण्याची लाज त्याला अजून कुणी शिकवलेली नसते. मला वाटतं, नावाड्याच्या मुलीचं तसंच आहे. ती काही लपवत नाही आणि तिला कळत नाही असंही नाही. आपल्याला जे हवंय त्याला काय म्हणतात, एवढंच तिला ठाऊक नसतं. म्हणून ती आधी अत्तर मागते.

हे सगळं मी नावाड्याच्या मुलीबद्दलच विचार करत होते, अशी माझी समजूत होती.

आता तबलजींबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणायचे. इथे आम्ही असंच बोलतो, कानडी लोकांच्या शेजारात राहून राहून. पुरुष दिसला की अण्णा, बाई दिसली की अक्का. रिक्षावाला अण्णा, भाजीवाली अक्का. पण अण्णा म्हणजे शेवटी थोरला भाऊच ना! त्यांचं चिकपेटेत साड्यांचं घाऊक दुकान, आमच्यासारखंच इथलं जुनं घराणं. वय माझ्याहून चारएक वर्षांनी जास्त, तरी ते मला अक्का म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती पुण्याला दिलेली.

तालमी शनिवारी दुपारी, बसवनगुडीतल्या एका सभागृहात. ऑर्गन आणि तबला विंगेत, जागा एवढीशी, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. ते आले की आधी रुमालानं जमीन पुसत, मग तबल्याची खोळ काढून तिची व्यवस्थित घडी घालत. साडीवाल्याची घडी, टोकाला टोक. मग हातांना पावडर लावून छोट्या हातोडीनं तबला सुरात लावत. एक कान खाली, डोळे मिटलेले. मी सूर धरून ठेवायचे आणि बघत बसायचे. आधी तबल्याकडे. नंतर हातांकडे. एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की शनिवार उजाडला की मी बरी साडी शोधते. आणि दुसऱ्या एका दिवशी त्यांनी घाम पुसायला माझाच रुमाल उचलला, तेव्हा मी ऑर्गनवर भलतीच पट्टी दाबली.

"स्वल्प हळू घ्या की, अक्का," ते म्हणाले.

मला त्यांचा हात धरावासा वाटत होता. लिहिते स्पष्ट, काय व्हायचंय! थेट, घट्ट, पावडरीसकट. आणि लगेच स्वतःचीच शिसारी यायची. ज्याला अण्णा म्हणायचं, त्याच्याबद्दल असं? शिव शिव. या वयात बाईनं काशीची तिकिटं बघावीत. मी देवाला हात जोडायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बरी साडी शोधायचे.

प्रयोगाला पंधरवडा उरला असताना त्यांनी सांगितलं की ते पुण्याला चाललेत, कायमचे. दुकान पुतण्या बघणार. मुलगी कधीची बोलावते आहे. प्रयोग रविवारी, ते निघणार त्यानंतरच्या गुरुवारी.

"तिथं माझी मराठी कुणाला कळणार, देव जाणे," ते हसत म्हणाले. "नात म्हणते, आजोबा, तुम्ही कुठल्या देशातून आलात?"

सगळे हसले. मीही हसले. आणि ऑर्गनचं झाकण लावता लावता हिशेब करू लागले. अंधारं सभागृह, पिवळा बल्ब, बेसुरी पोरं, हे सगळं होतं तसंच राहणार आणि तो शेजारचा गुडघा तेवढा जाणार.

त्याच दिवशी ती नागपूरची मुलगी चहाचा पेला घेऊन माझ्यापाशी बसली. म्हणाली, "काकू, मला एक सांगा नं. दिग्दर्शक म्हणतात ती इनोसन्ट आहे. मला वाटते ती घाबरून राहिली आहे. बरोबर ना? तिला माहीत आहे, एकदा हात मागितला की मग अत्तराच्या मागे लपता येत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? दिसते न." असं म्हणून तिनं आधी तबल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा फुंकू लागली.

माझं डोकंच फिरलं. मी तिला म्हटलं, ओठ नीट हलव, मागच्या वेळी माझ्या आधीच तुझं तोंड मिटलं होतं. काय करणार, चोराच्या मनात चांदणं! पोरगी उठून गेली, पण रागावली नव्हती.

प्रयोगाला गर्दी चांगली झाली. म्हातारी माणसं पुढे, एचएसआरची मंडळी मागे पोरंबाळं सांभाळत. नांदी झाली, पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात अत्तराचं पद सुरू झालं. अण्णांनी केरवा धरला, मऊ, बोटांच्या टोकांनी. मी दोन कडवी गायले. विंगेतून मला ती मुलगी दिसत होती. मनगट पुढे करून उभी, ओठ माझ्या आवाजाबरोबर हलताहेत. समेवर आले आणि टाळ्या पडल्या. आणि पुढच्या रांगेतून एक आजोबा ओरडले, "वन्स मोअर!"

संगीत नाटकाचा हा जुनाच रिवाज. वन्स मोअर आला की नाटक जागच्या जागी थांबतं. पूर येतो तो तिथेच थबकतो, नायिका पुन्हा पहिल्या जागी उभी राहते आणि शेवटचं कडवं परत होतं. मग मघाचं काही घडलंच नाही असं समजून गोष्ट पुढे जाते. आम्हा लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. दिग्दर्शकानं समोरच्या विंगेतून बोटं दाखवली. दुसरं कडवं, पुन्हा.

मी ठरवलं होतं म्हटलं तर खोटं, ठरवलं नव्हतं म्हटलं तरी खोटं. अण्णांनी ठेका धरून माझ्याकडे बघितलं, सुरू करा म्हणून. पुढच्या रविवारी हा माणूस इथे नसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तोंड उघडलं आणि तिसरं कडवं आलं.

अत्तर कसले, उडुनी जाते.

मुलीनं ओठ हलवायला सुरुवात केली होती. शब्द भलतेच निघालेले पाहून तिनं तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडानं तशीच उभी राहिली, आणि तिच्या अंगातून कुठून तरी ते गाणं येतच राहिलं. गंध नको मज. मग तिनं एकच केलं. मनगट वर धरलेलं होतं, तो हात तिनं उताणा केला आणि बोटं उघडली. हात हवा. समोर अत्तरवाला झालेल्या पोरालाही काय सुचलं कोण जाणे, त्यानं अत्तराची कुपी खाली ठेवली. सभागृहात खोकलासुद्धा आला नाही. मी त्या दोन ओळी तीनदा गायले. माझे डोळे तेव्हा रंगमंचाकडे नव्हते. अण्णा मात्र डोळे मिटून ठेका धरून होते.

टाळ्या थांबेनात. नाटक संपल्यावर दिग्दर्शक तावातावानं माझ्याकडे यायला निघाला, पण वाटेत चार जणांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, काय ती जागा, ती बोलत नाही आणि आपल्याला ऐकू येतं! माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तो म्हणत होता, "हो, तो मुद्दाम घेतलेला चॉइस होता." घे बाबा, घे.

अण्णा तबल्यावर खोळ चढवत होते. मी शेजारी उभी राहिले. त्यांनी नाडी बांधली, वर न बघता आवाज खाली करून म्हणाले, "अक्का, दुसऱ्याच्या जागी भलतंच कडवं घेतलंत तुम्ही. घाबरलात की काय? पण चिंता नको. मी ठेका सोडला नाही. कुणाला कळलं नाही बघा."

"हो," मी म्हटलं. "चुकलंच."

घरी आले आणि तोंड धुताना रडले. रागानं रडले. दिग्दर्शक उगाच नावाड्याच्या पोरीच्या मागे लागला होता. निरागस बघायचा होता तर इथे होता की, अठ्ठावन्न वर्षांचा, चिकपेटेतला! भर सभागृहात, इतक्या माणसांदेखत बाई हात मागते आणि हा म्हणतो, ठेका सोडला नाही. मग राग स्वतःवर उलटला. मागितला कुठे? मीही विंगेतच बसले होते. दुसरीचं तोंड पुढे करून. अत्तराच्या मागे लपायचं ते पदाच्या मागे लपले, एवढाच फरक. गुरुवार काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेट्रोनं चिकपेटेला गेले. दुकान नुकतं उघडलं होतं. अण्णा गादीवर बसून एका मोरपंखी साडीची घडी घालत होते. मला बघून म्हणाले, "या, अक्का! बसा." आणि पुतण्याला काफी आणायला पिटाळलं.

मी बसले नाही. "मला अक्का म्हणू नका."

"का हो? रागावलात काय?"

"हो, रागावले. कालचं कडवं मी चुकून घेतलं नव्हतं. ते मास्तरांनीच लिहिलेलं आहे, मी पोर होते तेव्हापासून मला पाठ आहे. ते म्हटलं, कारण शेजारी तुम्ही होतात."

रस्त्यावर हमाल ओरडत होते, एक टेम्पो मागे येत होता. माझ्या ओठांवर सवयीनं 'अण्णा' आलं. ते गिळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली. नुसत्या नावानं, पुढे मागे काही न लावता. म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. मला हवे आहात तुम्ही."

त्यांच्या हातातली साडी सुटली. मोरपंखी रेशीम उलगडत गादीवरून खाली जमिनीपर्यंत गेलं. साडी जमिनीला लागलेली या माणसाला खपत नसे, पण त्यांनी ती उचलली नाही. म्हणाले, "काल रात्रभर मी स्वतःला तेच सांगत होतो. चुकून घेतलं, चुकून घेतलं. अक्का म्हणत राहिलं की मन जागेवर राहतं, असं वाटायचं. मग तेही राहीना, तेव्हा पुण्याचं तिकीट काढलं."

मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला. पावडर नव्हती, साडीच्या खळीचा वास होता. पुतण्या काफी घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या देखतही आम्ही हात सोडला नाही.

पुण्याचं तिकीट रद्द झाल्यावर त्यांची मुलगी काय म्हणाली, नातेवाईक काय म्हणाले, मंडळातल्या बायकांनी किती दिवस आमचा विषय घेऊन चहा प्यायला, ते सगळं सांगत बसत नाही. ती नागपूरची पोरगी एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, काकू." त्यांचं नाव मी त्या सकाळी एकदाच घेतलं, तेवढं मला पुरतं. परवा बँकेत खिडकीवरच्या मुलानं "यजमानांचं नाव?" असं विचारलं, तेव्हा मी त्यांना कोपरानं ढोसलं आणि त्यांनी सांगितलं. इथेही मी ते लिहिणार नाही. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.